फ्रेगेपासून क्रिप्केपर्यंत: भाषा आणि अर्थाचं तत्त्वज्ञान शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा विषय भाषाशास्त्रापेक्षा वेगळा कसा?

भाषाशास्त्र विचारतं की मराठीत, तमिळमध्ये, स्वाहिलीत वाक्यं कशी बनतात. इथे प्रश्न त्याच्या एक पायरी खालचा असतो: तोंडातून निघालेला आवाज एखाद्या वस्तूबद्दल असतो, म्हणजे काय असतं? वाक्य खरं किंवा खोटं कशामुळे ठरतं? अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीबद्दल अर्थपूर्ण बोलता कसं येतं? विसाव्या शतकात हे प्रश्न धरून बसलेले बरेच जण मुळात गणित आणि तर्कशास्त्राकडून आले. गोटलोब फ्रेगे येना विद्यापीठात गणित शिकवायचा. या लेखनाला हिशेबाच्या वहीसारखी शिस्त आहे, ती त्यामुळेच. आजच्या भाषाशास्त्रातल्या अर्थविचाराचा मोठा भाग याच मंडळींच्या कामावर उभा आहे, त्यामुळे दोन विषयांतली भिंत पातळ आहे.

२. तर्कशास्त्र किती यायला हवं? गणित कच्चं आहे.

गणित लागत नाही. चार गोष्टी मात्र हाताशी हव्यात: ‘आणि, किंवा, जर-तर, नाही’ यांची सत्यता-कोष्टकं, ‘सर्व’ आणि ‘निदान एक’ ही संख्यापकं, तादात्म्याचं चिन्ह (=), आणि व्याप्ती, म्हणजे ‘नाही’ वाक्याच्या किती भागाला लागू आहे ते ओळखणं. रोज तासभर दिला तर दीड-दोन महिन्यांत हे होतं. सिद्धता करता आल्या नाहीत तरी चालतं, सूत्र वाचून मराठीत सांगता आलं पाहिजे. चौघांतली व्याप्ती सगळ्यात जास्त लोक टाळतात आणि प्रश्न ७ मध्ये नेमके तिथेच अडकतात.

३. सुरुवात कुठून करू? विटगेनस्टाईनपासून केली तर?

करू नका. ‘ट्रॅक्टेटस’ (जर्मन १९२१, इंग्रजी भाषांतरासह १९२२) पातळ आहे म्हणून लोक उचलतात. पण त्यातलं प्रत्येक वाक्य फ्रेगे आणि रसेल यांना दिलेलं उत्तर आहे, आणि प्रश्न माहीत नसताना उत्तर मंत्रासारखं वाटतं.

सुटे निबंध घ्या. फ्रेगे १८९२ (सुमारे २५ पानं), मग रसेल १९०५ (१५ पानं), मग स्ट्रॉसन १९५० (२५). त्यानंतर ग्राइसचा ‘मीनिंग’ हा १९५७ चा निबंध, जेमतेम १२ पानांचा. मग क्वाइन १९५१, आणि शेवटी क्रिप्केची १९७० ची तीन व्याख्यानं. क्वाइनला मुद्दाम मागे ठेवलंय: तो ज्या कल्पना मोडतो, त्या आधी वापरून पाहिलेल्या असल्या की मोडतोड कळते. एवढं झाल्यावर विटगेनस्टाईनकडे जा (प्रश्न ९).

४. पंधरा पानांचा निबंध तीनदा वाचला, तरी काय म्हणतोय ते सांगता येत नाही. वाचायचं कसं?

पहिल्या वाचनात फक्त दोन गोष्टी शोधा: लेखक कोणाशी भांडतोय, आणि कोणतं कोडं सोडवायला निघालाय. बाकी समजलं नाही तरी पुढे जा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक उदाहरणाशी थांबून ते मराठीत करून बघा. इथे भाषांतर करायचं नाही, मराठीतलं आपलं उदाहरण घडवायचं. ते घडलं तर युक्तिवाद कळला. घडलं नाही तर एकतर तुम्हांला कळलेला नाही, किंवा तो युक्तिवाद इंग्रजी-जर्मनच्या एखाद्या लकबीवर उभा आहे. दोन्ही कळणं मोलाचं आहे. तिसऱ्या वाचनात युक्तिवादाची विधानं क्रमांक घालून पाच-सात ओळींत लिहा आणि कोणतं विधान नाकारलं तर इमारत पडते त्यावर खूण करा.

नेहमीची गफलत म्हणजे दुसरी पायरी गाळून पाठ्यपुस्तकातला सारांश तिसरीच्या जागी उतरवणं.

५. फ्रेगेचं शुक्राचं उदाहरण कळतच नाही. शुक्र म्हणजे शुक्र, त्यात कोडं काय?

तुमची चूक नाही, उदाहरणाला मराठीचं पाणी लागत नाही. फ्रेगेच्या जर्मनमध्ये पहाटेच्या चांदणीला एक नाव, संध्याकाळच्या चांदणीला दुसरं. दोन्ही एकच ग्रह, हा शोध होता. आपण पहाटेही शुक्राची चांदणीच म्हणतो आणि संध्याकाळीही, त्यामुळे कोडं आधीच मिटलेलं असतं.

टोपणनाव घ्या. सातवीतल्या मुलाला ‘कुसुमाग्रज’ पाठ्यपुस्तकातले कवी म्हणून माहीत आहेत. नाटकाच्या जाहिरातीत ‘वि. वा. शिरवाडकर’ हे नावही त्याने वाचलंय. दोन्ही माणसं एकच, हे त्याला ठाऊक नाही. ‘कुसुमाग्रज म्हणजे कुसुमाग्रज’ यातून तो काहीच शिकत नाही. ‘कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर’ हे ऐकल्यावर शिकतो. माणूस तोच, मग फरक कुठला? फ्रेगेचं उत्तर: नावाला निर्देश्य वस्तूखेरीज आणखी एक पदर असतो, ती वस्तू आपल्यापुढे कोणत्या रीतीने येते तो.

पुढचं पाऊल: ‘कुसुमाग्रज कवी आहेत असं त्या मुलाला वाटतं’ हे खरं, ‘शिरवाडकर कवी आहेत असं त्या मुलाला वाटतं’ हे मात्र खोटं असू शकतं. ‘असं वाटतं’च्या आत नावांची अदलाबदल चालत नाही. फ्रेगे म्हणतो की तिथे नाव आपल्या नेहमीच्या वस्तूकडे निर्देश न करता त्या पदराकडेच निर्देश करतं. परीक्षेत हा दुसरा भाग सर्रास गाळला जातो.

६. ‘झिन’ आणि ‘बेडॉयटुंग’ला मराठीत काय म्हणायचं? प्रत्येक पुस्तकात वेगळं दिसतं.

गोंधळ मुळातलाच आहे. रोजच्या जर्मनमध्ये ‘बेडॉयटुंग’ म्हणजे साधा अर्थ. फ्रेगेने तो शब्द निर्देशित वस्तूसाठी राबवला, आणि प्रश्न ५ मधल्या त्या पदराला ‘झिन’ म्हटलं. इंग्रजीत ‘बेडॉयटुंग’चं मॅक्स ब्लॅकने १९४८ मध्ये ‘रेफरन्स’ केलं, फायग्लने १९४९ मध्ये ‘नॉमिनॅटम’, आणि गीच-ब्लॅक यांनी केलेल्या फ्रेगेच्या भाषांतरांच्या संग्रहाच्या १९८० च्या आवृत्तीत त्याचं ‘मीनिंग’ झालं. म्हणजे एकाच संग्रहाच्या जुन्या आणि नव्या प्रतीत शब्द बदलतो. वर्गात दोघांकडे दोन प्रती असल्या की तासभर वाद होतो आणि शेवटी वाद नव्हताच असं कळतं.

मराठीत झिनला ‘आशय’ आणि बेडॉयटुंगला ‘निर्देश’ हे सोयीचं. नुसता ‘अर्थ’ दोन्हींपैकी कशालाच वापरू नका. एकदा निवडलेली जोडी शेवटपर्यंत पाळा.

याखेरीज फ्रेगे एक तिसरी गोष्ट बाजूला काढतो, शब्दाचा रंग. ‘कुत्रा’ आणि ‘कुत्रडं’, ‘मेला’ आणि ‘निवर्तले’: वाक्य खरं की खोटं यात फरक पडत नाही, बोलणाऱ्याचा भाव तेवढा बदलतो. १९१८ च्या निबंधात त्याने घोड्यासाठीच्या चांगल्या-वाईट शब्दांनी हेच दाखवलंय. हा रंग म्हणजे आशय नव्हे.

७. रसेलचा सगळा सिद्धांत ‘द’ या शब्दावर आहे. मराठीत ‘द’ नाहीच, मग तो आपल्याला लागू कसा?

आमच्याकडे आलेला सगळ्यात चांगला प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांबीचं आहे.

आधी सिद्धांत. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे.’ १९०५ मध्ये फ्रान्समध्ये प्रजासत्ताक होतं, राजा नव्हता. तरी वाक्याला अर्थ आहे. रसेल म्हणतो की हे वाक्य दिसतं तसं नाही, त्यात तीन दावे दडलेत: (क) फ्रान्सचा निदान एक राजा आहे, (ख) एकाहून अधिक नाहीत, (ग) जो कोणी आहे तो टकला आहे. (क) खोटं, म्हणून वाक्य खोटं. काल्पनिक राजाला कुठे तरी अस्तित्व देत बसण्याची गरज उरत नाही.

आता नकार. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला नाही’ हे खरं की खोटं? ‘नाही’ फक्त (ग)ला लावलं तर राजा आहे आणि त्याला केस आहेत असं होतं, म्हणजे खोटं. तिन्ही दाव्यांच्या मोळीला लावलं तर खरं. मराठीत हे दोन अर्थ वेगळे ऐकूही येतात: ‘राजा टकला नाही’ म्हटलं की कान पहिल्या अर्थाकडे झुकतो, ‘राजा टकला आहे असं नाही’ म्हटलं की दुसरा मोकळा होतो. इंग्रजी वाचकाला सूत्र लिहून दाखवावं लागतं ते आपल्याला वाक्याची घडी बदलून दाखवता येतं.

आणि ‘द’चं काय? मराठी निश्चितता दाखवतेच, फक्त वेगळ्या जागी. ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हणजे कोणीही डॉक्टर चालेल. ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ म्हणजे ठरावीक डॉक्टर, ज्यांच्याबद्दल ऐकणाऱ्यालाही अंदाज आहे. एक प्रत्यय हे काम करतो. ‘कुत्रा दारात बसलाय’ हे बहुधा ओळखीच्या कुत्र्याबद्दल असतं. अनोळखी असेल तर ‘एक कुत्रा’ किंवा ‘कुठला तरी कुत्रा’ येतो.

रसेलचा दावा वाक्याच्या तार्किक आकाराबद्दल आहे, एका इंग्रजी शब्दाबद्दल नाही, म्हणून ‘द’ नसल्याने तो कोसळत नाही. पण अडचण खरी आहे. (ख) हा ‘एकच’चा दावा मराठीत कोणत्या शब्दात बसलाय? कुठल्याच नाही. मग तो वाक्याच्या अर्थाचाच भाग, की ऐकणारा प्रसंगावरून काढतो ते अनुमान (प्रश्न ११)? आमचा कल दुसरीकडे आहे. मात्र उत्तरपत्रिकेत आधी रसेलची बाजू पुरी मांडा, मग ही शंका घ्या.

८. स्ट्रॉसनने रसेलला खोडून काढलं का?

खोडलं नाही, वेगळा हिशेब मांडला. त्याच्या मते खरं-खोटं वाक्य नसतं, वाक्याचा एखाद्या प्रसंगी केलेला वापर असतो. राजाच नसेल तर ‘राजा टकला आहे’ म्हणणाऱ्याने खोटं विधान केलेलं नाही. खरं-खोटं ठरवण्याची वेळच आली नाही. राजा असणं हे तो गृहीत धरतो, सांगत नाही. बारकावा: १९५० च्या निबंधात स्ट्रॉसन यासाठी ‘सूचित करणं’ अशा अर्थाचं क्रियापद एका खास अर्थाने वापरतो, ‘पूर्वगृहीत’ ही संज्ञा त्याने १९५२ च्या पुस्तकात वापरली. रसेलने १९५७ मध्ये तिखट उत्तर दिलं.

तिसरा कोन डॉनेलनचा (१९६६). मेजवानीत कोणी विचारतं, ‘तो मार्टिनी पिणारा माणूस कोण?’ पेल्यात प्रत्यक्षात पाणी असतं. तरी कोणाबद्दल विचारलंय ते कळतं. क्रिप्केने १९७७ मध्ये याला दिलेलं उत्तर ग्राइसच्या फरकावर उभं आहे: शब्दांचा निर्देश एक, बोलणाऱ्याचा रोख दुसरा.

९. ‘अर्थ म्हणजे वापर’ हे विटगेनस्टाईनचं मत ना?

अर्धवट उद्धृत केलं जातं. १९५३ च्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’च्या कलम ४३ मध्ये तो म्हणतो की ‘अर्थ’ या शब्दाच्या वापराच्या बऱ्याच मोठ्या भागाला, सगळ्याला नव्हे, हे लागू आहे. ‘सगळ्याला नव्हे’ गाळलं की व्याख्या तयार होते, आणि व्याख्यांचा हट्ट सोडा हेच तर तो ६६-६७ मध्ये ‘खेळ’ शब्दावरून सांगतो. पत्ते, क्रिकेट, लगोरी, एकटीच चेंडू आपटणारी मुलगी: सगळ्यांत समान धागा नाही, घरातल्या माणसांच्या चेहऱ्यांत असतं तसं साम्य आहे.

पहिल्या भागात ६९३ कलमं आहेत. सलग वाचू नका. १ ते ४३, मग ६५ ते ७१, १८५ ते २०२, २४३ ते ३१५ असे तुकडे घ्या. संदर्भ कलमाच्या क्रमांकाने द्या, पानाने नको; आवृत्त्यांची पानं जुळत नाहीत. २००९ च्या चौथ्या आवृत्तीत जुन्या ‘दुसऱ्या भागा’चं नावही बदललंय.

१०. क्वाइनच्या निबंधात ‘बॅचलर’चं मराठी काय करू?

‘बॅचलर म्हणजे अविवाहित पुरुष’ हे क्वाइनचं उदाहरण. ‘ब्रह्मचारी’ करू नका. ब्रह्मचारी म्हणजे संयम पाळणारा. तो अविवाहितच असेल हे नुसत्या शब्दार्थावरून ठरत नाही, आणि सगळा युक्तिवाद घसरतो. ‘विधवा म्हणजे नवरा वारलेली बाई’ हे वाक्य घ्या. क्वाइन विचारतो: हे केवळ अर्थामुळे खरं आहे, असं म्हणताना ‘अर्थ सारखा’ म्हणजे काय? ‘सारखा म्हणजे अदलाबदल केली तरी अनिवार्यपणे खरं राहतं ते.’ ‘अनिवार्यपणे’ म्हणजे? ‘केवळ अर्थामुळे.’ म्हणजे घाण्याचा बैल, फिरून तिथेच. निबंधाचा दुसरा अर्धा भाग पडताळ्याच्या सिद्धांतावर (वाक्याचा अर्थ म्हणजे ते अनुभवाने पडताळण्याची रीत) आहे: वाक्यं एकेकटी अनुभवासमोर उभी राहत नाहीत, सगळी मिळून राहतात. पहिल्या अर्ध्यावर थांबणाऱ्यांना क्वाइन नुसता शब्दांवर कीस पाडणारा वाटतो.

११. ऑस्टिन आणि ग्राइस यांची गल्लत होते. फरक एका वाक्यात?

ऑस्टिन विचारतो की बोलून आपण काय *करतो*. ग्राइस विचारतो की बोललो त्यापलीकडचं ऐकणाऱ्याला *कळतं* कसं.

‘मी शपथ घेतो की...’ हे वर्णन नाही, ती शपथच आहे. तिला खरं-खोटं म्हणता येत नाही. ती लागते किंवा फसते. ऑस्टिनची हार्वर्डमधली १९५५ ची बारा व्याख्यानं १९६२ मध्ये छापली गेली. सुरुवातीला तो कृतिवाक्यं आणि वर्णनवाक्यं वेगळी करतो, पण पुढे स्वतःच हा फरक मोडून काढतो. लोक पहिली चार व्याख्यानं वाचून थांबतात आणि मोडलेला सिद्धांत त्याच्या नावावर लिहितात.

ग्राइससाठी: ‘चहा घेणार?’ ‘आत्ताच झाला.’ उत्तरात ‘नको’ कुठेच नाही, तरी कळतं. कारण उत्तर प्रश्नाला धरून असेल असं आपण मानून चालतो. कसोटी अशी: नंतर तो अर्थ मागे घेता येतो का? ‘आत्ताच झाला, पण अर्धा कप टाका’ यात विसंगती नाही, म्हणजे ‘नको’ हा सूचितार्थ होता. ‘गरीब पण प्रामाणिक’ यातला ‘पण’ मात्र या कसोटीला उतरत नाही: गरिबी आणि प्रामाणिकपणा यांत विरोध नाही, असं पुढे जोडलं की बोलणं अडखळतं. तो विरोध प्रसंगातून येत नाही, शब्दालाच चिकटलेला आहे. ग्राइस अशांना वेगळा वर्ग देतो. फ्रेगेला हा ‘पण’ आधीच दिसला होता (प्रश्न ६).

१२. क्रिप्केचं म्हणणं ‘नावाला अर्थ नसतो’ एवढंच आहे का?

नाही. त्याचं लक्ष्य आहे ‘नाव म्हणजे वर्णनाचा संक्षेप’ हे मत. युक्तिवाद तीन आहेत, आणि ते एकत्र कालवले की उत्तर बिघडतं.

पहिला शक्यतेचा. ‘आंबेडकर संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष नसते’ असं होऊ शकलं असतं. ‘आंबेडकर आंबेडकर नसते’ असं होऊ शकत नाही. म्हणजे नाव आणि वर्णन एकसारखं वागत नाहीत. नाव प्रत्येक शक्य परिस्थितीत त्याच माणसाला धरून राहतं.

दुसरा ज्ञानाचा: ते अध्यक्ष होते हे इतिहास वाचून कळतं, नावातून आपोआप कळत नाही.

तिसरा निर्देशाचा, आणि त्याला मराठी मातीतलं उदाहरण आयतं आहे. पुष्कळांना फाळक्यांबद्दल एकच माहीत असतं: पहिला भारतीय चित्रपट बनवणारे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, तोरण्यांचा ‘पुंडलिक’ १९१२ चा. तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होता म्हणून मोजायचा की नाही, यावर वाद आहे. समजा उद्या निकाल तोरण्यांच्या बाजूने लागला. तर ‘फाळके’ हे नाव आजवर तोरण्यांना लागू होतं असं आपण म्हणू का? छे. फाळक्यांबद्दलची आपली समजूत चुकली, असं म्हणू. म्हणजे वर्णन चुकलं तरी नाव माणसाला सोडत नाही. क्रिप्केच्या मते त्याला धरून ठेवते ती साखळी: नामकरण, आणि मग एकाकडून दुसऱ्याकडे जाणारं नाव.

ही व्याख्यानं जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला टिपणांशिवाय दिली होती. बोलभाषा आहे, वाचायला सोपी वाटते, म्हणून घाईत वाचली जाते.

१३. पटनमच्या जुळ्या पृथ्वीवर पाणी एक्स-वाय-झेड आहे. मग तिथल्या माणसाच्या शरीरात काय? तो आपला जुळा कसा?

पटनमची कल्पना अशी: हुबेहूब आपल्यासारख्या दुसऱ्या पृथ्वीवर ‘पाणी’ हे एच-टू-ओ नसून एक्स-वाय-झेड नावाचा वेगळा पदार्थ आहे, त्यामुळे तिथल्या जुळ्याच्या मनात तेच असलं तरी त्याचा ‘पाणी’ हा शब्द वेगळ्या वस्तूकडे निर्देश करतो. आक्षेप रास्त आहे, पण वरवरचा. पाण्याऐवजी शरीरात नसलेला पदार्थ घ्या, म्हणजे उदाहरण टिकतं. पटनमच्याच लेखनात ॲल्युमिनियम-मॉलिब्डेनमची तशी जोडी आहे. १९७५ च्या लांबलचक निबंधाआधी १९७३ ची तेरा पानी आवृत्ती वाचा.

१४. टार्स्कीचं ‘“बर्फ पांढरा असतो” हे खरं आहे जर आणि फक्त जर बर्फ पांढरा असतो’, यात त्याने सांगितलं काय?

अवतरण चिन्हं नीट बघा. पुणे हे शहर आहे; ‘पुणे’ हा दोन अक्षरी शब्द आहे. डाव्या बाजूला वाक्याचं *नाव* आहे, उजवीकडे वाक्य *वापरलंय*. पोकळपणा घालवायला डावीकडे परभाषा ठेवा: ‘“श्ने इस्ट वाइस” हे जर्मनमध्ये खरं आहे जर आणि फक्त जर बर्फ पांढरा असतो.’ आता हे जर्मनबद्दलची माहिती देतं, आणि जर्मन न येणाऱ्याला ती नवी आहे. डेव्हिडसनने १९६७ मध्ये अर्थाचा सिद्धांत याच वाक्यांवर उभारला.

उत्तरपत्रिकेत अवतरण चिन्हं विसरणं ही या विषयातली सगळ्यात महाग चूक.

१५. ‘मी’, ‘आज’ यांसारख्या शब्दांवर मराठीत काही वेगळं आहे?

भरपूर. कॅप्लान दोन थर करतो: शब्दाचा कायमचा नियम, आणि एखाद्या प्रसंगी त्यातून मिळणारा आशय (प्रश्न ६ मधला झिन नव्हे). ‘मी’चा नियम म्हणजे ‘जो बोलतोय तो’. आता ‘परवा’ घ्या: परवा आलो, परवा येईन. नियम सांगतो ‘आजपासून दोन दिवस दूर’. पुढे की मागे ते क्रियापद ठरवतं. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत ऐकणारा धरलाय की वगळलाय हा फरक नियमातच आहे, इंग्रजीत तो दिसतच नाही. कॅप्लानचं हस्तलिखित १९७७ पासून हातोहात फिरत होतं, छापलं गेलं १९८९ मध्ये. संदर्भात दोन वर्षं दिसतात ती यामुळे.

१६. अभिधा, लक्षणा, व्यंजना आपल्याकडे आधीच होतं. मग ग्राइसने नवीन काय केलं?

व्यंजना, म्हणजे शब्दांनी सुचवलेला अर्थ, आणि ग्राइसचा सूचितार्थ शेजारी ठेवण्यासारखे आहेत, एक मात्र नाहीत. आनंदवर्धनाला (नववं शतक) काव्याचा प्राण शोधायचा होता. ग्राइसला रोजच्या संभाषणात हिशेब कसा लागतो ते हवं होतं, आणि सूचितार्थ अनुमानाने काढून दाखवता आलाच पाहिजे अशी त्याची अट आहे. व्यंजना अनुमानात बसवायची की नाही, यावर आपल्याकडेही जुंपली होती: महिमभट्टाने बसवायचा आग्रह धरला. तुलना करायची तर या वादाशी करा. ‘आधीच होतं’ एवढंच लिहिलं तर दोघांपैकी कोणीच वाचलेलं नाही असं दिसतं.

१७. यूजीसी-नेट परीक्षेसाठी हे किती लागतं?

दुसऱ्या पेपरमध्ये १०० प्रश्न, २०० गुण, चुकीला वजावट नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते. मराठीत शिकलात तर प्रत्येक संज्ञेचं इंग्रजी नाव टिपणात त्याच ओळीत लिहून ठेवा. ‘आशय-निर्देश’ कळूनही पर्याय ओळखता आला नाही, अशी तक्रार दरवर्षी येते.

१८. क्रिप्के बरोबर असेल, नाव थेट माणसाला धरून असेल, तर प्रश्न ५ मधल्या मुलाचं काय?

नेमकं इथेच क्रिप्केही अडतो, आणि १९७९ च्या निबंधात तसं कबूल करतो. त्याचा प्येर फ्रान्समध्ये लंडनबद्दल त्याच्या फ्रेंच नावाने ऐकून ‘लाँद्र सुंदर आहे’ मानतो, मग लंडनच्या गलिच्छ भागात राहून ‘लंडन सुंदर नाही’ असंही मानतो. मराठीत: वसईत वाढलेली मुलगी म्हणते, ‘वसई काही सुंदर नाही.’ तिने इंग्रजी पुस्तकात १८०२ च्या ‘बसीन’च्या तहाबद्दल आणि तिथल्या किल्ल्याबद्दल वाचलंय आणि मनाशी ठरवलंय की बसीन सुंदर असणार. दोन्ही गाव एकच, हे तिला माहीत नाही. (ब्रह्मदेशातही एक बसीन होतं, ते इथे आणू नका, गोंधळ दुप्पट होतो.) वसई सुंदर आहे असं तिला वाटतं की नाही? ‘हो’ म्हटलं तर तिचं मराठी बोलणं खोटं पडतं, ‘नाही’ म्हटलं तर इंग्रजी, आणि दोन्ही म्हटलं तर शहाण्या मुलीवर विसंगतीचा आरोप येतो. यात क्रिप्केचा स्वतःचा सिद्धांत कुठेच वापरलेला नाही, फक्त भाषांतर आणि ‘मनापासून म्हणते म्हणजे मानते’ हे दोन साधे नियम वापरलेत. दोन्हींपैकी कोणता सोडायचा, त्यावर अजून लिहिलं जातंय.